मुदलात जमा

"आता तरी अनुग्रह द्याल ना, बुवा?"

निवांतबुवा मठाच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते. त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. कधीही जा, त्यांना कसलीच घाई नसे, म्हणून गावानंच हे नाव ठेवलेलं.

"आता म्हणजे? मधे काय घडलं?"

"मागं मागितला, तेव्हा तुम्ही म्हणालात, आधी एखादी गोष्ट शेवटाला ने. नेली." विश्वंभर कुलथे ताठ बसला. "वीस वर्षांचं गृहकर्ज नऊ वर्षांत नील केलं."

"लॉटरी लागली?"

"छे. संयम, बुवा. हप्ता तर भरायचोच. वर जे वाचेल ते त्याच दिवशी बँकेत. कधी दोनशे, कधी साठसुद्धा. सगळं मुदलात. मुद्दल घटलं की व्याज घटतं, व्याज घटलं की वर्षं घटतात."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं. साठ रुपये मुठीत धरून तो 'मुदलात टाका' म्हणत खिडकीशी आला, की बँकेतला कारकून सकाळी साडेदहालाच जेवायला निघून जाई. विश्वंभरच्या दाराची बेल तर म्हणे वाजण्याआधी विचारायची, 'बसणार आहात, की उभ्याउभ्याच?' निम्म्या गल्लीनं ती स्वतःच्या कानांनी ऐकली होती. उरलेल्या निम्म्या गल्लीनं बेल दाबणंच सोडलं होतं.

"वाचायचं कशातून?" बुवांनी विचारलं.

"येण्याजाण्यातून. माणूस घरी आला की चहा आला, पोहे आले, पोरांच्या हातावर काहीतरी आलं. आलाच नाही, तर तेवढे सुटले. ते मुदलात. याला तपच म्हणायचं ना?"

बुवांनी फुंकर मारून सालं उडवली.

"चहा पाजशील?"

"आत्ता?"

"तपाची जागा बघावी म्हणतो."

दिवेलागणीला दोघं घरी पोचले. त्याच्या बायकोनं, कुमुदनं दार उघडलं आणि गोंधळून पुन्हा अर्धं लोटलं. पाहुणा आत घेताना दार किती उघडायचं, तेच ती विसरली होती.

"बुवा आलेत," विश्वंभर म्हणाला. "चहा टाक."

ती ओट्याकडं न जाता माळ्यावर चढली. खाली आली ती एक खोका घेऊन. निळ्या फुलांचे सहा कप, भोवतीच्या पेंढ्यासकट.

"रोजच्या कपांचे कान गेलेत," ती पुटपुटली. "ते बुवांना कसे द्यायचे?"

चहा आला. बुवांनी कप उजेडात धरून फिरवला.

"नवा दिसतो."

"नऊ वर्षं झाली त्याला," कुमुद म्हणाली. "वास्तुशांतीला आक्कांनी दिलेला संच. ह्यांच्या मोठ्या बहिणीनं."

"मग आक्कांनीही ह्यातून घेतला असेल चहा."

कुमुदनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं कपाकडं.

"नाही," ती म्हणाली.

"लांब असतात?"

"जुन्या बाजारात. आमच्या गच्चीवरून त्यांची पाण्याची टाकी दिसते."

"आणि येत नाहीत?"

"आल्या होत्या. भाऊबीजेला."

"कुमुद..."

"विचारतायत ते." तिनं पदराला हात पुसले. ते ओले नव्हते.

बुवा विश्वंभरकडं वळले.

"त्या वर्षी व्याजाचा दर वाढला होता, बुवा..." विश्वंभर सांगू लागला. मठातून आणलेला ताठा कुठल्या कुठं गेला होता. "बेल वाजली. खिडकीतून बघितलं, तर आक्का, दाजी, त्यांची दोन पोरं. म्हणजे जेवणं, ओवाळणी, पोरांना कपडे. मी... दिवा मालवला."

"आणि?"

"आणि बसलो. दोघंही. अंधारात."

"भाऊबीजेच्या दिवशी."

"हो."

"बाहेर काय चाललं होतं?"

विश्वंभरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कुमुदशीसुद्धा त्यावर पुन्हा बोलला नव्हता.

"आक्का दाजींना म्हणत होती, गेली असतील कुठं, सणाचे दिवस आहेत. मग तिनं पोरांना हळू बोला म्हणून दटावलं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून... ती गेल्यावर दार उघडलं. कडीला पिशवी अडकवलेली. चिवड्याची."

"ओवाळणीचे पैसे?"

"...मुदलात."

बुवांनी चहाचा घोट घेतला.

"चिवडा खाल्लास?"

"...खाल्ला."

"कसा होता?"

"...जरा तिखट."

कुमुद उठून आत गेली.

बुवांनी कप खाली ठेवला. उठले, बाहेर गेले, आणि जाताना दार ओढून घेतलं. रागावले, गेले, असं विश्वंभरला वाटलं. त्याला थोडं हायसंही वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली.

तेवढ्यात बेल वाजली.

त्याचा हात उठला. कडीकडं नाही. दिव्याच्या बटणाकडं.

खोली अंधारली.

बटणावर बोट तसंच ठेवून तो उभा राहिला. स्वतःच्या बोटाकडं बघायला त्याला उजेड नव्हता, हे एक बरं होतं.

"अहो..." स्वयंपाकघराच्या दारातून कुमुदचा आवाज आला. "बुवा आहेत ते."

बेल दुसऱ्यांदा वाजली नाही. आक्कानंही एकदाच वाजवली होती.

त्यानं दिवा लावला. दार उघडलं. सगळं, भिंतीला टेकेपर्यंत.

बुवा पायरीवर बसून वहाणा चढवत होते.

"अनुग्रह राहू द्या, बुवा," तो म्हणाला. "मला तोंड नाही मागायला."

बुवा उठले. धोतर झटकलं. जुन्या बाजाराच्या वाटेला लागले आणि चार पावलांवर थांबले.

"चिवडा तिखट होता म्हणालास ना... चल. आक्कांकडं पाणी मागू."