ढाण्या आणि झिपरी

जनावरं माणसांसारखी बोलत, त्या काळची ही गोष्ट. एका मळ्यातल्या घरात चिमाबाई एकट्या राहायच्या. दाराशी ढाण्या नावाचा राखणीचा कुत्रा होता. बाईंना सोबत म्हणून त्यांच्या मुलाने दूरदेशाहून एक लहानशी, लांब केसांची कुत्री आणली. तिचं नाव झिपरी.

“तू काम काय करतेस?” ढाण्याने विचारलं.

“बाईंजवळ बसते.”

“हे काय काम झालं?” असं म्हणून त्याने पाठ फिरवली. झिपरी रोज त्याच्याशी बोलायला अंगणात यायची आणि तो तोंड वळवून पडून राहायचा.

एका दुपारी ती धावत आली. “बाईंचा श्वास बदललाय. माझा आवाज शेतातल्या माणसांपर्यंत पोचत नाही. तू भुंक.”

“म्हातारी झोपली असेल. उन्हाचं उगाच नाचवू नकोस मला,” ढाण्या म्हणाला.

झिपरी एकटीच भुंकत राहिली. संध्याकाळी माणसं आली, तेव्हा बाई गेल्या होत्या.

पुढे मुलगा झिपरीला न्यायला आला. गाडी जुंपेपर्यंत ढाण्या प्रथमच तिच्या शेजारी जाऊन बसला.

“तुला कसं कळलं होतं?”

“मी त्यांचा श्वास रोज ऐकायचे,” झिपरी म्हणाली. मग केसांआडून त्याच्याकडे बघत तिने विचारलं, “तू कालपासून काही खाल्लं नाहीस ना?”

ढाण्याला तिला थांब म्हणायचं होतं, पण कोणत्या तोंडाने म्हणणार? मुलाने तिला उचलून गाडीत ठेवलं, आणि ढाण्या शिवेपर्यंत गाडीमागून चालत गेला.