वाजणारा भाता

मुलांनो, दोन डोंगरांमधल्या खिंडीत एक रान होते. तिथे भर दुपारीही धुके उतरत असे आणि ते उतरले की पाखरेसुद्धा गप्प होत, कारण त्या धुक्यात काहीतरी राहत असे. ते कोणी पाहिले नव्हते. तो वाघ नव्हता, तरसही नव्हते. त्याचे पाऊल वाजत नसे, मातीत ठसा उमटत नसे. सगळ्यांना एवढेच ठाऊक होते की त्याला दिसत नाही, वासही येत नाही. पण जिथे आवाज होतो तिथे ते येते.

उन्हाळ्यात अलीकडची तळी आटत. मग पाण्यासाठी प्राण्यांना ती खिंड ओलांडून पलीकडच्या नदीवर जावे लागे. त्यांच्यापुढे राखणीला एक वानर चालत असे. पूर्वी कधीतरी एक तिरंदाज त्या रानात शिरला होता, तो परत गेलाच नाही. त्याचे धनुष्य आणि बाणांनी भरलेला चामड्याचा भाता झाडाखाली पडून होते, ते वानराने उचलले. सराव करून करून त्याने नेम असा साधला की हलणारे पानसुद्धा चुकत नसे. भाता मात्र मिळाला तसाच त्याने पाठीवर अडकवला. चामडे वाळून लाकडासारखे झाले होते. अरुंद वादी खांद्यात रुतत होती. कडेला चामड्याचे लांब गोंडे लोंबत होते, त्यांचा त्याला फार अभिमान होता.

"अरे, हा भाता तुझ्या पाठीवर नाचतो," अंगभर काटे असलेली म्हातारी साळू त्याला म्हणाली. "आधी तो नीट बसव."

"मावशी, बाण लागतो तो धनुष्यातून. भात्याचं काय एवढं?" वानर हसला.

त्या दिवशी खिंडीच्या मध्यावर धुक्याने सगळ्यांना गाठले. वाटेत एक फांदी आडवी आली म्हणून वानर वाकला. वाकताच वादी घसरली, भाता पुढे कलंडला आणि सगळे बाण खडखडत खडकावर सांडले. एक बाण घरंगळत मागे गेला आणि मागून येणाऱ्या सशाच्या पायाशी जाऊन थांबला. सारे जागच्या जागी थिजले. समोरचे धुके दाट झाले आणि हळूहळू त्या बाणाकडे सरकू लागले. वानराने पाठीकडे हात नेला. भाता रिकामा होता. सशाने त्याच्याकडे एकदा पाहिले. मग धुके सशावरून गेले. ते विरले तेव्हा तिथे ससा नव्हता. दबलेले गवत तेवढे होते, अजून ऊबदार.

नदी न गाठताच सगळे परतल्यावर सशिणीने विचारले, "हे कुठे राहिले?" वानराने काहीही न लपवता सांगितले.

तसाच तो साळूकडे गेला. "मावशी, तुझ्या पाठीवर एवढे काटे आहेत, पण तुझ्या मनात नसेल तर एकही वाजत नाही. मला शिकव."

साळूने त्याला करंजाच्या बिया ठेचायला लावल्या. त्यांचे तेल चोळून चोळून चामडे मऊ झाले. मग भाता पाण्यात भिजवून तिने तो वानराच्या पाठीवर घट्ट बांधला आणि अंगावरच वाळू दिला. त्यामुळे चामड्याने पाठीचा आकार घेतला. तळाशी त्यांनी सावरीचा कापूस ठासला, म्हणजे बाणांची टोके आपटणार नाहीत. खांद्यावर रुंद पट्टा आला. राहिला दुसरा पट्टा, काखेखालून छातीवर घेण्याचा. त्याला चामडे उरले नव्हते. वानराने गोंड्यांकडे पाहिले आणि ते कापून त्यांचीच वेणी घातली.

इकडे प्राण्यांचे घसे कोरडे पडले होते. "आज निघू या ना!" हरिणी विनवू लागली. "थांब," वानर म्हणाला. तो पळाला, वाकला, फांदीला उलटा लोंबकळला. बाण जागचे हलेनात, भाता वाजेना, तेव्हाच तो खिंडीकडे वळला.

"त्यांच्या जागी मी चालेन," सशीण म्हणाली आणि त्याच्या अगदी मागे उभी राहिली.

खिंड अर्धी झाली आणि धुके उतरले. सगळे श्वास रोखून चालत होते. तेवढ्यात हरिणीच्या पाडसाला तहानेने ठसका लागला. धुके तिथल्या तिथे थबकले, दाट झाले आणि पाडसाकडे येऊ लागले. हरिणीने त्याला पोटाशी घेतले. वानर फांद्यांखालून वाकून धावला, उडी मारून खडकावर चढला. भाता पाठीला चिकटून होता. न बघता त्याने हात मागे नेला. बाण हाताला लागला आणि आवाज न करता बाहेर आला. दूरवर बांबूचे वाळलेले बेट होते. त्याने बाण सोडला. धनुष्याच्या दोरीचा आवाज होताच धुके गर्रकन वानराकडे वळले. त्याच्या तोंडावर गार वाफ आली. तो हलला नाही. पाठीवरचा एकही बाण हलला नाही. तोच दूरचे बांबू खडखडले, आणि ती गार वाफ त्याला ओलांडून तिकडे निघून गेली.

नदीवर सगळे पोटभर पाणी प्यायले. वानर मात्र काठावर बसून होता.

"भाता काढून ठेव आता, खांदे भरून आले असतील," सशीण म्हणाली.

वानराने खांद्याला हात लावला. "तो पाठीवर आहे हेच मी विसरलो होतो," तो म्हणाला. मग त्याने तोंड फिरवले, आणि पाण्याला स्पर्श करण्याआधी तो बराच वेळ रडला.

तात्पर्य एवढेच, मुलांनो : आपल्या तयारीतला सैलपणा आपल्याला नुसता टोचतो, पण आपल्या भरवशावर मागून चालणाऱ्याचा तो जीव घेऊ शकतो.