डांबऱ्याचं बारसं

आमच्या सिंधूआत्यानं काळं पिल्लू आणलं, तेव्हा नगरपालिकेची निवडणूक होती. ते भोंग्यांच्या गाड्यांवर भुंकायचं आणि दारातल्या चपला पळवायचं. नाव काही केल्या ठरत नव्हतं.

एके दिवशी नगरसेवक रावसाहेब भोईटे मतं मागायला आले. चहा पीत म्हणाले, "सिंधूताई, तुमच्या गल्लीचा रस्ता कसा मखमलीसारखा करून दिलाय!"

रस्त्यावर पाच वर्षं नुसती खडी पडलेली. पण रावसाहेबांना सांगणार कोण?

निघताना बघतात तर दारात एकच चप्पल! दुसरी पिल्लानं कुठंतरी लपवलेली. रावसाहेब कडाडले, "उद्याच हे कुत्रं पालिकेच्या गाडीत घालतो!"

आम्ही पोरं रडायला लागलो. आत्या मात्र शांतपणे म्हणाली, "घाला की. पण आता तुमच्या गाडीपर्यंत अनवाणीच चला, रावसाहेब. मखमलीवर चपला कशाला हव्यात?"

सगळी गल्ली हसली. रावसाहेब खडीवरून उड्या मारत गेले. कुत्र्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. निवडून आल्यावर मात्र पहिलं डांबर आमच्याच गल्लीत पडलं आणि त्याच संध्याकाळी पिल्लाचं नाव ठरलं, डांबऱ्या.

आता डांबऱ्या नाही, आत्याही नाही. पण त्या गल्लीत गेले की मी अजून चपला हातात घेऊन चालते.