गौराक्काचा पासवर्ड

“मग किती जण आत आले?” मल्लय्या स्वामींनी विचारलं.

विरूपाक्ष थबकला. मठाच्या दवाखान्याची वेबसाइट तोच सांभाळायचा. लांबच्या गावचे रुग्ण तिच्यावरून औषधं मागवत. काल त्याने तिचं सुरक्षेचं फ्रेमवर्क, म्हणजे पासवर्ड तपासणारी यंत्रणा, नव्या आवृत्तीवर नेलं होतं, आणि आता वेबसाइट फोडायची कुणाची छाती नाही, असं तो सांगत होता.

“आज... अजून कुणीच नाही.”

“कुणीच नाही?”

“जुने पासवर्ड कच्च्या पद्धतीने साठवलेत, स्वामी. नवं फ्रेमवर्क ते मानत नाही. फोनवर आकडा येतो, तो टाकून ज्याने त्याने नवा घ्यायचा. सोपं आहे.”

मठात येण्याआधी स्वामींनी कॉलेजात संगणक शिकवला होता. असं ‘सोपं’ त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं.

तेवढ्यात दारात गौराक्का आली. पहिली एसटी धरून आली होती. मुलाच्या फिटच्या गोळ्या संपत आल्या होत्या.

“आमचं नाव काढलंसा काय, स्वामी?”

“असं का म्हणता, अक्का?”

“मालकांचं नाव घातलं की उघडायचं. काल चूक म्हणालं... आकडा मालकांच्या नंबरवर जातोय. ते गेले, तवाच तो नंबर बंद पडला.”

विरूपाक्ष खाली बघू लागला.

स्वामींनी तिला आपल्या आसनावर बसवलं. पाणी दिलं. गोळ्या मागवून हातात ठेवल्या.

ती उठेना.

“नाव एकदा घालून बघू द्या की,” ती हळूच म्हणाली.

“विरूपाक्षा, यांना ओळखतोस?”

“हो. गौराक्का.”

“मग तुझं कुलूप का ओळखत नाही?”

...

तो संगणकापुढे बसला. जुना पासवर्ड जुन्याच पद्धतीने पडताळायचा, आणि माणूस आत आला की तोच शब्द नव्या, पक्क्या पद्धतीने साठवायचा, अशी सोय त्याने केली. दुपार कलली.

गौराक्काने एका बोटाने नवऱ्याचं नाव लिहिलं. पान उघडलं.

तिने पदर डोळ्यांना लावला आणि पडद्यालाच हात जोडले.

ती गेल्यावर विरूपाक्ष स्वामींकडे वळला.

“जुनी पद्धत कायम ठेवणं धोक्याचं आहे, स्वामी. कधी बंद करू?”

“शेवटचा माणूस आत आला की.”

“आणि तो आलाच नाही तर?”

स्वामी हसले.

“तर तू त्याच्या घरी जाऊन ये.”