विकलेल्या होडीची गाठ

“पण बाबा, मी खोटं कुठं बोललो?”

हिराजी नाखव्याने हे तिसऱ्यांदा विचारलं. जुन्या जाळ्याचा गुंता मांडीवर घेऊन हसनबाबा एकेक धागा सोडवत बसले होते.

खाडीच्या तोंडाशी एक काळा खडक आहे. ओहोटीला तिथवर चालत जाता येतं, भरतीला त्याच्या चारी बाजूंनी पाणी. हा फकीर तिथं कधी आला आणि कुठून आला, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. हिराजी अकरा वर्षं दर गुरुवारी त्यांच्या पायाशी येऊन बसायचा. दोन्ही काठांवर त्याच्या शब्दाला मान होता. नाखवा खोटं बोलत नाही, असं लोक म्हणायचे. आणि लोक असं म्हणतात, हे हिराजीला मनातून फार आवडायचं.

आज मात्र त्याचे डोळे तांबारले होते.

“नीट सांग,” बाबा म्हणाले. “काय विकलंस?”

“होडी. माझी जुनी होडी. पलीकडच्या दामा तऱ्याला. त्याचा बाप गेल्यापासून माणसं या काठावरून त्या काठावर तोच नेतो. त्याची होडी फुटली होती, म्हणून माझ्याकडे आला.”

“मग?”

“मग… ती परत येते, बाबा.”

बाबांचे हात थांबले नाहीत.

“रविवारी त्यानं नेली. सोमवारी सकाळी दार उघडलं, तर होडी माझ्याच धक्क्याला. म्हटलं, पोरानं नीट बांधली नसेल, वाहत आली असेल. पण पाणी ओहोटीचं होतं. वाहिली असती तर समुद्रात गेली असती. ही पाणी कापून आडवी आली. दामा आला, हसला, घेऊन गेला.”

“मग?”

“मंगळवारी त्यानं साखळी लावली. बुधवारी सकाळी होडी पुन्हा माझ्याकडे. साखळी त्याच्या खुंटाला तशीच, कुलूपही तसंच. या खेपेला तो हसला नाही. काल रात्री तो स्वतःच होडीत झोपला…”

हिराजी बाबांच्या आणखी जवळ सरकला.

“आज सकाळी तो माझ्या धक्क्यावर जागा झाला, बाबा. मला म्हणाला, काका, रात्रभर कुणीतरी वल्ही मारत होतं. मला वाटलं, स्वप्न आहे.”

वारा पडला होता. खडकाच्या कपारीत पाणी आत गेल्याचा आणि बाहेर आल्याचा आवाज तेवढा होत होता.

“आणखी काहीतरी आहे,” बाबा म्हणाले.

हिराजीने मान खाली घातली.

“होडी नुसती येत नाही. माझ्या खुंटाला बांधलेली असते. आणि ती गाठ… ती माझी गाठ आहे. माझ्या बापानं मला शिकवली. गावात दुसऱ्या कुणाला ती येत नाही. पण मी नाही बांधली. लेकराबाळांची शपथ, मी नाही बांधली. एक ताईत द्या. नाहीतर काही मंत्र टाका. जे काही मागं लागलंय ते सुटू दे.”

बाबांनी जाळं बाजूला ठेवलं. कटोरा घेऊन ते पाण्यापर्यंत गेले, भरून घेऊन आले.

“ओंजळ कर.”

हिराजीने केली. बाबांनी खाडीचं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं आणि समोर बसून राहिले.

पाणी गार होतं. या दिवसांत असावं त्याहून पुष्कळ गार. हिराजीने बोटं आवळली. तरी मनगटावरून एक थेंब ओघळला. मग आणखी एक.

बाबा बघत होते.

“बाबा, करंगळीपाशी फट राहते,” हिराजी म्हणाला. “तिथनं गळतंय.”

“मी तर विचारलं नव्हतं. तरी सांगितलंस.”

हिराजीची ओंजळ तशीच राहिली. पाणी हळूहळू सगळं निघून गेलं.

मग तो बोलला.

“मागच्या बाजूची तळाची फळी किडीनं खाल्लीय. मी कापूस आणि राळ ठासली, वरून डांबर फासलं. महिना-दोन महिने टिकेल. मी त्याला म्हटलं होतं, दामा, उलटी करून बघून घे. म्हटलं होतं, बाबा…”

“तो काय म्हणाला?”

“म्हणाला, काका, तुम्ही दिलेली होडी उलटी कशाला करू?”

“आणि तू?”

“मी गप्प राहिलो.”

बाबा पुन्हा जाळ्याकडे वळले.

“होडी त्याला दिलीस,” ते म्हणाले, “भोक स्वतःकडे ठेवलंस. मग ती तुझ्याकडे आली नाही तर कुणाकडे जाईल?”

हिराजी उठला. उठता उठता त्याची नजर धक्क्याकडे गेली. गुरुवार, गावचा बाजार. पलीकडची माणसं घरी निघाली होती. दामाच्या होडीत बायका टोपल्या घेऊन दाटीवाटीने बसल्या होत्या. एकीच्या कडेवर तान्हं मूल. तीन सकाळी आपोआप परत आलेली होडी, पण दामाकडे दुसरी कुठली असणार? लोकांना घरी तर पोचवायला हवं होतं.

हिराजीने हाक मारली. ती निम्म्या वाटेवरच विरली.

भरती लागली होती, खडकाची वाट गुडघाभर पाण्यात गेली होती. तो तसाच धावला. मधेच त्याला वाटलं, आपल्या शेजारून आणखी कुणीतरी धावतंय. पाण्यात चार पाय पडल्यासारखा आवाज येत होता. त्याने वळून पाहिलं नाही.

दामाने वल्हं हातात घेतलं होतं. हिराजी कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि त्याने होडीची कड धरली.

“उतरा सगळे,” तो धापा टाकत म्हणाला. “आधी उतरा, मग सांगतो.”

“काका, काय झालं?”

“मी तुला फुटकी होडी दिलीय.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग पोरवाली आधी उतरली, तिच्यामागून बाकीच्या. हिराजी होडीत चढला, कमरेचा सुरा काढला आणि मागच्या फळीतली राळ उकरली. फार जोर लावावा लागला नाही. कापसाचा बोळा बाहेर आला आणि त्यामागून मनगटाएवढी पाण्याची धार.

सगळे बघत राहिले. महिना-दोन महिने नव्हे, ती आजची संध्याकाळसुद्धा काढणार नव्हती.

दामाने वाकून कापसाचा तो बोळा उचलला. मग म्हणाला, “तुम्ही नुसतं सांगितलं असतं, तरी मी घेतली असती, काका. आपण दोघांनी मिळून फळी बदलली असती.”

तो एवढंच म्हणाला. ओरडला असता तर हिराजीला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी हिराजीने आपली नवी होडी काढली आणि त्या माणसांना स्वतः पलीकडे सोडलं. वाटेत कुणी त्याच्याशी बोललं नाही. नवी होडी त्याने दामाकडेच ठेवली आणि जुनी दुरुस्तीला घेतली. एक फळी बदलायची होती, त्याने तीन बदलल्या. चौथ्या दिवसापासून दामा येऊन शेजारी बसू लागला, खिळे पुढे करू लागला. काका म्हणायला मात्र त्याला आणखी बरेच दिवस लागले.

लोकही आता, नाखवा खोटं बोलत नाही, असं म्हणेनासे झाले. होडी घ्यायची असली की ते हिराजीला सोबत न्यायचे, आणि हिराजी पाण्यात उतरून, हात घालून, जे असेल ते विकणाऱ्याच्या तोंडावर सांगायचा.

दुरुस्त झालेली होडी पलीकडे गेली ती तिकडेच राहिली.

त्यानंतरच्या एका गुरुवारी हिराजी खडकावर गेला. बाबांचं जाळं सोडवून झालं होतं. हिराजीच्या मनात एक प्रश्न होता, तो काही केल्या जाईना.

“बाबा,” शेवटी त्याने विचारलं, “त्या तीन रात्री वल्ही कोण मारत होतं? माझ्या खुंटाला माझी गाठ कोण बांधत होतं?”

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. मग हळूच पुढे वाकले आणि हिराजीच्या छातीला कान लावून काही वेळ ऐकत राहिले…

“हळू बोल,” ते म्हणाले. “तो आत्ताच झोपलाय.”