शिकंज्याची पकड

हत्यारं आणि लाकडं एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. येसबा सुताराने मधमाश्यांच्या पेटीसाठी दोन फळ्यांना सरस लावला आणि त्या काटकोनी शिकंज्यात आवळल्या.

"दादा, जरा सैल सोड की! अंग चेचलं माझं," धाकटी फळी शिकंज्याकडे पाहून कुरकुरली.

"सरस ओला आहे गं. आत्ता सोडलं तर कोपरा फाकेल. फटीतून मुंग्या शिरल्या की माश्या पेटी सोडून जातील."

"तुला मेल्या आवळायचीच हौस!"

शिकंजा मात्र रात्रभर ढिला पडला नाही.

सकाळी येसबाने स्क्रू फिरवून त्याला अलगद काढलं. आता कोपरा उघडतो की काय, या धास्तीने शिकंज्याने डोळेच मिटले.

"दादा," फळी आळसावून म्हणाली, "अजून किती वेळ धरणार आहेस?"

शिकंज्याचा जीव भांड्यात पडला. आता तिला धरून होता तो सरस.