सॅमसन वाक्रुळकरांच्या वतीने

"आणि माझ्या वाट्याला काय? आभारप्रदर्शन?"

सॅमसन वाक्रुळकरने कार्यक्रमपत्रिका ओट्यावर आपटली. इझेकिएल आबांनी मान वर केली नाही. ते खजुरातल्या बिया काढत होते.

रेवदंड्याजवळच्या त्या गावात बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू मंडळींचा दोन दिवसांचा मेळा होता. धर्मग्रंथांचे पाठ, जुनी कीर्तनं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून खायचा मलिदा, म्हणजे पोहे, गूळ नि ओला नारळ. पगारी माणूस एकही नाही. आबा गावचे हझान, प्रार्थना सांगणारे. सॅमसनचे पहिले गुरूही तेच. सॅमसन जेरुसलेमला सहा वर्षं हिब्रू शिकून आलेला. नुसता शिकून नव्हे, चांगला फुगून आलेला.

"पाच मिनिटांचं काम आहे, आबा. कुणीही करील."

"मग तुला काय हवंय?"

"व्याख्यान. हिब्रूतलं इथे दुसऱ्या कुणाला..."

तो थांबला. आबांनी आणखी एक बी काढली.

"दुपारचं माझं व्याख्यान तू घे," ते म्हणाले. "आभार तुझ्या वतीने मी मानतो. चालेल?"

"चालेल की."

दुपारी तो तासभर बोलला. अस्खलित बोलला. टाळ्या पडल्या. निम्म्या लोकांना काही कळलं नव्हतं हे त्याला व्यासपीठावरून दिसत होतं, आणि त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. उलट जरा बरंच वाटलं.

मग आबा उभे राहिले. हातात कागद नव्हता.

"सॅमसन वाक्रुळकरांच्या वतीने मिल्काबाई पेझारकरांचे आभार. आज त्यांनी साठ नारळ खवले. चार वर्षांच्या सॅमसनला भाकरीच्या पिठात बोटाने पहिलं हिब्रू अक्षर काढून दाखवलं, तेही त्यांनीच."

मिल्काबाई मांडवाच्या दाराशी पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्यांनी आबांकडे पाहिलंच नाही. त्या सॅमसनकडे बघत होत्या.

"सॅमसन वाक्रुळकरांच्याच वतीने नफ्ताली रोहेकरांचे आभार. हा मांडव त्यांनी घातला. दर रविवारी सॅमसनला सायकलवर डबलसीट घेऊन माझ्याकडे शिकायला आणायचे. चढ आला की स्वतः उतरायचे. त्याला उतरू द्यायचे नाहीत."

नफ्तालीही सॅमसनकडेच बघू लागले. हळूहळू सगळा मांडव बघू लागला...

सॅमसनला तो चढ आठवला. सायकल ढकलणाऱ्या नफ्तालीकाकांचा घामाने भिजलेला सदरा आठवला. आपण एकट्याच्या बळावर एवढे मोठे झालो नाही, असं त्याला वाटलं. दोन दिवसांत ह्या माणसांना त्याने 'कसे आहात' एवढंही धड विचारलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सॅमसन वाक्रुळकरांच्याच वतीने..."

"आबा." सॅमसन उठला. "पुढचं मी म्हणतो."

"पाच मिनिटांचं तर काम आहे."

"नाही, आबा..."

आबांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग ते व्यासपीठावरून उतरले, पहिल्या रांगेत बसले आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर थोपटून त्यांनी मिल्काबाईंना बोलावलं.

"या, बसा," ते म्हणाले. "आता व्याख्यान आहे."